मानेतील धमनीची चीर, मेंदूचे प्रतिमाचित्रण आणि पक्षाघाताचा धोका : एक ऐतिहासिक अभ्यास
(जोहे, ता. पेण, जि. रायगड या परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश : मानेतील धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून होणारा पक्षाघात हा तरुण व मध्यमवयीन व्यक्तींमधील पक्षाघाताचा एक महत्त्वाचा प्रकार आहे. या विकाराच्या ज्ञानाचा इतिहास शवविच्छेदन, अँजिओग्राफी, सी.टी. स्कॅन व एम.आर.आय. या साधनांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. प्रत्येक नव्या साधनाबरोबर या विकाराचे प्रमाण, त्याचे स्वरूप व त्यातील धोका यांविषयीची समजूत बदलत गेली. धोक्याचा आकडा हा काही अंशी प्रतिमेच्या उपलब्धतेवर अवलंबून असतो, असे प्रस्तुत निबंधात प्रतिपादन करण्यात आले असून, त्याचा जोहेसारख्या ग्रामीण कारागीर वस्तीच्या दृष्टीने काय अर्थ होतो, याचा विचार केला आहे.

बीजशब्द : पक्षाघात, कॅरॉटिड धमनी, व्हर्टिब्रल धमनी, अँजिओग्राफी, एम.आर.आय., जोहे, रायगड.

१. प्रस्तावना

एखाद्या माणसाचे अर्धे अंग अचानक लुळे पडले, तोंड वाकडे झाले, वाचा गेली, की त्याच्या ‘अंगावरून वारे गेले’ असे मराठीत म्हटले जाते. अर्धांगवायू, लकवा, पक्षाघात हे शब्दही प्रचारात आहेत. यांतील ‘वारे’ व ‘वायू’ या कल्पनांमागे आयुर्वेदातील वातविकाराची जुनी परंपरा आहे. या सर्व शब्दांचे एक वैशिष्ट्य असे, की ते शरीरावर दिसणाऱ्या परिणामाचे वर्णन करतात. त्या परिणामाचे मूळ कोठे आहे, हे त्यांतून कळत नाही. हे मूळ मेंदूत असते आणि काही वेळा मेंदूच्याही खाली, मानेत असते, हे समजण्यासाठी वैद्यकशास्त्राला शरीराच्या आत पाहण्याची साधने मिळवावी लागली.

मानेतून मेंदूकडे चार मुख्य धमन्या जातात. पुढच्या बाजूने दोन कॅरॉटिड आणि मणक्यांच्या छिद्रांमधून वर चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. धमनीची भिंत तीन थरांची असते. सर्वांत आतल्या थराला चीर पडली किंवा भिंतीतील सूक्ष्म रक्तवाहिनी फुटली, तर रक्त थरांच्या मध्ये साचते. त्यामुळे धमनीचा मार्ग अरुंद होतो, तेथे गुठळी धरते आणि त्या गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत अडकला, तर पक्षाघात होतो. एका बाजूची नवी, तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी, एका डोळ्याची पापणी उतरणे व बाहुली लहान होणे, कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज येणे, ही या विकाराची पूर्वलक्षणे होत. लक्षणे दिसू लागल्यापासून पक्षाघात होईपर्यंत काही तास किंवा काही दिवस जाऊ शकतात आणि याच अवधीत उपचाराला वाव असतो.

जोहे हे पेण तालुक्यातील गाव हमरापूरसह गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. साच्यातून मूर्ती काढणे, ती घासणे, रंगवणे आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणे हा येथील अनेक कुटुंबांचा उद्योग आहे. हात, नजर आणि मान यांवरच तो चालतो. चाळिशीतील कारागिराचा उजवा हात गेला, तर त्याच्याबरोबर घराचे उत्पन्न व पुढच्या पिढीला शिकवायचे कसब या दोन्ही गोष्टी जातात. मानेतील धमनीची चीर हा मुख्यतः याच वयातला विकार असल्यामुळे प्रस्तुत अभ्यासासाठी हा परिसर संदर्भ म्हणून घेतला आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) या विकाराच्या ज्ञानाचा ऐतिहासिक आढावा घेणे; (आ) प्रतिमाचित्रणाच्या साधनांमुळे पक्षाघाताच्या धोक्याची कल्पना कशी बदलली, हे पाहणे; (इ) मुंबईतील संशोधन व रायगड जिल्ह्यातील आरोग्यसेवा यांच्या संदर्भात त्याचे महत्त्व तपासणे.

२. शवविच्छेदनाचा काळ : मृतांवरून काढलेले निष्कर्ष

मानेतील रक्तवाहिन्यांचा व शुद्धीचा संबंध प्राचीन काळापासून ज्ञात होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांचे वर्णन करताना कंठनाडीच्या दोन्ही बाजूंच्या नीला व मन्या आणि मानेतील मातृका या मर्मांचा उल्लेख येतो. मातृकांना इजा झाल्यास तत्काळ मृत्यू येतो, तर नीला-मन्यांना इजा झाल्यास वाचा जाणे किंवा आवाज बदलणे असे परिणाम होतात, असे तेथे सांगितले आहे. ‘कॅरॉटिड’ या शब्दाचे मूळही ग्रीक भाषेतील गुंगी आणणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. मान दाबली असता माणूस बेशुद्ध पडतो, हे दोन्ही परंपरांनी पाहिले होते.

या निरीक्षणाला शरीररचनेचा आधार सतराव्या शतकात मिळाला. स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर याने १६५८ मध्ये झटक्याने मृत्यू पावलेल्या रुग्णांची शवविच्छेदने प्रसिद्ध केली. मेंदूतील रक्तस्राव हे झटक्याचे कारण असते आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांतील अडथळ्यानेही झटका येऊ शकतो, असे त्याने दाखवले. १६६४ मध्ये थॉमस विलिस याने मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या वर्तुळाचे कार्य स्पष्ट केले. एक धमनी बंद झाली, तरी उरलेल्या धमन्या मेंदूला रक्त पुरवू शकतात, हे त्यावरून समजले.

तथापि, धमनीच्या भिंतीला पडलेली चीर पुढील अडीचशेहून अधिक वर्षे प्रायः शवविच्छेदनाच्या टेबलावरच दिसत राहिली. १९४७ मध्ये प्रॅट-थॉमस व बर्जर यांनी मानेला हिसका देण्याच्या उपचारानंतर दगावलेल्या रुग्णांची माहिती अमेरिकेत प्रसिद्ध केली. या काळातील लेखनातून या विकाराची जी प्रतिमा उभी राहते, ती दुर्मिळ व बहुधा प्राणघातक अशी आहे. हा निष्कर्ष साधनाच्या मर्यादेतून आलेला होता. ज्या रुग्णांची धमनी आपोआप भरून आली आणि जे मानदुखी सोसून पुन्हा कामाला लागले, ते शवविच्छेदनाच्या टेबलावर आलेच नाहीत. त्यामुळे त्यांची नोंद वैद्यकाच्या इतिहासात होऊ शकली नाही.

३. अँजिओग्राफीचा काळ आणि मुंबईचे योगदान

जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या पाहण्याचे श्रेय पोर्तुगालमधील एगाश मोनिझ यांच्याकडे जाते. १९२७ मध्ये त्यांनी कॅरॉटिड धमनीत क्ष-किरणांना अपारदर्शक असा द्राव टोचून मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र मिळवले. १९५१ मध्ये कॅनडातील सी. मिलर फिशर यांनी मानेतील कॅरॉटिड बंद होणे व पक्षाघात यांतील संबंध ठामपणे मांडला. मेंदूच्या झटक्याचे कारण मेंदूतच शोधण्याच्या प्रथेला त्यामुळे धक्का बसला आणि चिकित्सकाचे लक्ष मानेकडे वळले. १९५४ मध्ये येंत्सर यांनी कॅरॉटिडच्या भिंतीत चीर पडलेल्या रुग्णाचे वर्णन केले. पुढे १९७८ मध्ये फिशर, ओजमन व रॉबर्सन यांनी अशा रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. दोरीसारखी बारीक होत गेलेली किंवा ज्योतीच्या आकारात निमुळती होऊन बंद झालेली धमनी ही अँजिओग्राफीतील खूण चिकित्सकांच्या परिचयाची झाली. त्याचबरोबर यांतील अनेक रुग्ण बरे होतात आणि त्यांच्या धमन्या काही महिन्यांत भरून येतात, हेही दिसून आले.

या कालखंडात मुंबई केवळ अनुकरण करणारे केंद्र नव्हते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात मेंदूच्या धमनीत अडकलेल्या गुठळ्यांची अँजिओग्राफीद्वारे केलेली निरीक्षणे प्रसिद्ध केली. अडकलेली गुठळी आपोआप विरघळू शकते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९६८ मध्ये त्यांनी पश्चिम-मध्य भारतातील मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांविषयीचा अँजिओग्राफीवर आधारलेला निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिला. पाश्चात्त्य रुग्णांवरून काढलेले निष्कर्ष जसेच्या तसे भारतीय रुग्णाला लावण्यापेक्षा येथील धमन्यांचे चित्र येथेच घेऊन पाहण्याची ही भूमिका होती.

१९६५ च्या निबंधाचे महत्त्व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष आहे. गुठळी जर आपोआप विरघळत असेल, तर प्रतिमा घेतली की नाही याबरोबरच ती केव्हा घेतली, यावरही निदान अवलंबून राहते. पहिल्या काही तासांत घेतलेल्या चित्रात धमनी बंद दिसेल आणि काही दिवसांनी घेतलेल्या चित्रात ती मोकळी दिसेल. उशिरा पोहोचलेल्या रुग्णाच्या कागदावर ‘धमन्या निर्दोष’ अशी नोंद होईल आणि मूळ कारण अज्ञात राहील. हेच मानेतील धमनीच्या चिरेलाही लागू पडते.

तत्कालीन अँजिओग्राफीला मर्यादाही मोठ्या होत्या. त्यासाठी मानेतील धमनीत थेट सुई टोचावी लागे किंवा १९५३ मध्ये सेल्डिंगर यांनी रूढ केलेल्या पद्धतीने जांघेतील धमनीतून नळी वर न्यावी लागे. तिच्यामुळेच पक्षाघात होण्याचा अल्पसा धोका असे. शिवाय ती धमनीतील पोकळी दाखवत असे. भिंतीत साचलेले रक्त तिला दिसत नसे. साहजिकच नुसत्या मानदुखीच्या रुग्णाला ही चाचणी सांगितली जात नसे.

४. सी.टी. आणि एम.आर.आय. : भिंत दिसू लागली

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सी.टी. स्कॅन झाला. या कार्यासाठी हाउन्सफील्ड व ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पक्षाघात रक्तस्रावाचा की रक्तपुरवठा तुटल्याचा, हा प्रश्न सी.टी.ने काही मिनिटांत सोडवला. उपचाराची दिशा यावरच ठरत असल्यामुळे हा बदल मूलगामी होता. परंतु साध्या सी.टी.मध्ये मेंदूची हानी दिसत असली, तरी तिला कारण ठरलेली मानेतील चीर सहसा दिसत नाही.

पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडलेले व पीटर मॅन्सफील्ड यांनी विकसित केलेले चुंबकीय अनुस्पंदनाचे तंत्र ही उणीव भरून काढणारे ठरले. या दोघांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले. भारतात पहिले एम.आर.आय. यंत्र १९८६ मध्ये दिल्लीतील ‘इनमास’ या संस्थेत बसवण्यात आले. एम.आर.आय.मध्ये चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या छेदांत धमनीच्या भिंतीतील रक्त चंद्रकोरीच्या आकारात उजळ दिसते. धमनीची भिंत जिवंत रुग्णात, सुई न टोचता, प्रथमच दिसू लागली. १९९० च्या दशकात डिफ्यूजन पद्धतीमुळे मेंदूतील काही मिलिमीटरची ताजी इजाही कळू लागली. त्यानंतर सी.टी. अँजिओग्राफी सर्वत्र रूढ झाली आणि मानेपासून मेंदूपर्यंतच्या धमन्यांचे चित्र तातडीच्या विभागातच मिळू लागले.

त्यामुळे रुग्णांचा एक सर्वस्वी नवा वर्ग वैद्यकाच्या नजरेस आला. पक्षाघात न झालेले, केवळ मान दुखणारे, पापणी उतरलेले किंवा कानात आवाज येणारे लोक या विकाराचे रुग्ण म्हणून ओळखले जाऊ लागले. १९९३ मध्ये अमेरिकेतील वाइनट्रॉब यांनी केस धुताना मान बेसिनवर मागे टाकल्यानंतर पक्षाघात झालेल्या पाच स्त्रियांची नोंद केली. सलूनमध्ये चंपीच्या शेवटी मान मोडून घेण्याची आपल्याकडील सवय याच दृष्टीने पाहावी लागते. मानेला दिलेल्या झटक्यानंतर धमनीला चीर पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात वारंवार आढळतात. बहुसंख्य लोकांना त्याने काहीही होत नाही. ज्यांच्या धमनीची भिंत मुळात दुबळी असते, त्यांना मात्र किरकोळ हिसकाही पुरतो, असे त्यावरून दिसते.

५. धोक्याचा आकडा आणि पाहण्याचे साधन

प्रतिमा व धोका यांतील संबंध अलीकडील संशोधनातून अधिक स्पष्ट होतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड परगण्यात १९८७ ते २००३ या काळात या विकाराचे प्रमाण दरवर्षी एक लाख लोकसंख्येमागे सुमारे २.६ असल्याचे आढळले होते. त्याच परगण्यातील नंतरच्या अभ्यासात २००२ ते २००६ या काळात हे प्रमाण २.३ होते. २०१७ ते २०२० या काळात ते ८.९ पर्यंत गेले. दीड दशकात लोकांच्या धमन्या चौपट दुबळ्या झाल्या, असे मानण्याचे कारण नाही. प्रतिमाचाचण्यांचा वाढलेला वापर हे या वाढीचे एक प्रमुख कारण मानले गेले.

पक्षाघाताच्या धोक्याच्या बाबतीतही असेच दिसते. ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील ‘कॅडिस’ या चाचणीत (२०१५) २५० रुग्णांना गुठळी रोखणारी दोन प्रकारची औषधे देऊन त्यांची तुलना करण्यात आली. तीन महिन्यांत केवळ ४ रुग्णांना त्या बाजूचा पक्षाघात झाला. तज्ज्ञांनी प्रतिमा पुन्हा तपासल्या, तेव्हा ५२ रुग्णांमध्ये चीर असल्याची खात्री पटू शकली नाही, ही बाबही तितकीच बोलकी आहे. याउलट स्वित्झर्लंड, जर्मनी व डेन्मार्कमधील ‘ट्रीट-कॅड’ या चाचणीत (२०२१) रुग्णाला जाणवलेल्या लक्षणांबरोबर एम.आर.आय.मध्ये दिसलेल्या नव्या इजाही मोजण्यात आल्या. तेथे ॲस्पिरिन घेणाऱ्या ९१ रुग्णांपैकी २१ (२३ टक्के) आणि दुसऱ्या प्रकारचे औषध घेणाऱ्या ८२ पैकी १२ (१५ टक्के) रुग्णांमध्ये अनिष्ट परिणाम नोंदवला गेला. विकार एकच असताना एका ठिकाणी धोका सुमारे २ टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी १५ ते २३ टक्के दिसतो. हा फरक बऱ्याच अंशी मोजमापाच्या व्याख्येतून निर्माण झाला आहे. रुग्णाला न जाणवलेली, पण प्रतिमेत दिसलेली इजा ‘धोका’ या सदरात धरायची किंवा नाही, यावर आकडा ठरतो.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॉप-कॅड’ या सोळा देशांतील अभ्यासात ३,६३६ रुग्णांची माहिती तपासण्यात आली. १८० दिवसांत ४.४ टक्के रुग्णांना नवा पक्षाघात झाला आणि त्यांपैकी ८७ टक्के पक्षाघात पहिल्या ३० दिवसांत झाले. म्हणजे निदान झालेल्या व औषध सुरू असलेल्या रुग्णाचा धोका मर्यादित असतो आणि तो प्रारंभीच्या काळात एकवटलेला असतो. येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. हे सर्व आकडे प्रतिमा घेतलेल्या रुग्णांचे आहेत. ज्याची प्रतिमा घेतलीच गेली नाही, त्याचा समावेश यांपैकी कोणत्याही टक्केवारीत होत नाही.

६. जोहे ते मुंबई : अंतराचा इतिहास

मुंबईत १९६५ मध्ये अँजिओग्राफीवरचे वर उल्लेखिलेले संशोधन चालू होते, तेव्हा जोहे परिसर कुलाबा जिल्ह्यात होता. जिल्ह्याचे ‘रायगड’ हे नामांतर १ जानेवारी १९८१ रोजी झाले. पेणजवळच्या धरमतर बंदरातून जलमार्गाने किंवा पनवेल-ठाणे मार्गाने वळसा घालून मुंबई गाठावी लागे. ठाणे खाडीवरील वाशीचा पूल १९७३ मध्ये खुला झाल्यानंतर हा प्रवास सुकर झाला. खाडीच्या एका तीरावर जागतिक दर्जाचे संशोधन आणि दुसऱ्या तीरावर ‘वारे गेले’ एवढेच निदान, अशी ही स्थिती होती.

पुढील काळात परिस्थिती निश्चितच बदलली. पक्षाघाताचा समावेश असलेला असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यात, २ जुलै २०१२ पासून, ज्या आठ जिल्ह्यांचा समावेश झाला त्यांत रायगड होता. ही योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये राज्यात आली. अलिबाग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन होऊन रायगड व मुंबई यांतील अंतर आणखी कमी झाले.

तरीही मुंबईतील व ग्रामीण भागातील पक्षाघाताच्या ज्ञानात तफावत राहते. डॉ. दलाल व सहकाऱ्यांनी २००५-२००६ या दोन वर्षांत मुंबईच्या एका विभागात केलेल्या लोकसंख्याधारित नोंदणीत प्रथमच पक्षाघात झालेले ४५६ रुग्ण आढळले. दरवर्षी एक लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण १४५ होते. त्यांतील सुमारे ८९ टक्के रुग्णांचे सी.टी. स्कॅन झाले होते आणि २९.८ टक्के रुग्ण २८ दिवसांत मृत्यू पावले. म्हणजे बहुसंख्य रुग्णांना स्कॅन मिळत असलेल्या महानगरातही दहांपैकी सुमारे तिघे महिन्याभरात दगावत होते. पेण, रोहा तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांच्या आरोग्याचा विचार करताना ही नोंदणी आधारभूत मानावी लागते. मात्र ती महानगरातील एका विभागाची आहे, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

वेळेचा प्रश्न याहून कळीचा आहे. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मानेतील धमनीच्या चिरेमुळे झालेल्या पक्षाघातातही ते देता येते, असे आजच्या मार्गदर्शक तत्त्वांत मानले जाते. गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यांत जोह्यातील कारखान्यांत रात्रंदिवस काम चालते. अशा वेळी उद्भवलेली मानदुखी कामाच्या ताणाची समजून बाम लावून सोसली जाणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक वेळा ती तशीच असते. परंतु पूर्वी कधी न झालेले एकाच बाजूचे तीव्र दुखणे, त्याबरोबर उतरलेली पापणी, अडखळणारी जीभ, तोल जाणे किंवा क्षणभर हातातून गळून पडलेला ब्रश ही लक्षणे वेगळी आहेत. ती ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. त्यांची माहिती कारखान्यातील सहकाऱ्यांना, आशा कार्यकर्तीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला असावी लागते. प्रतिमेची गरज त्यानंतरच्या टप्प्यावर असते.

७. निष्कर्ष

(१) मानेतील धमनीची चीर हा विकार शवविच्छेदनाच्या काळात प्राणघातक, अँजिओग्राफीच्या काळात दुर्मिळ पण बरा होऊ शकणारा आणि एम.आर.आय.च्या काळात तुलनेने अधिक आढळणारा मानला गेला. या बदलामागे मुख्यतः पाहण्याची साधने आहेत.

(२) पक्षाघाताच्या धोक्याची टक्केवारी वाचताना प्रतिमा कोणाची, केव्हा आणि कोणत्या पद्धतीने घेतली, हे तपासणे अगत्याचे आहे. मुंबईतील १९६५ च्या निरीक्षणांनी या प्रश्नातील वेळेचे महत्त्व पुढे आणले होते.

(३) एखाद्या परिसरात हा विकार नोंदला गेलेला नसणे, याचा अर्थ तो तेथे नाही असा घेता येत नाही. जेथे प्रतिमा पोहोचत नाही, तेथील रुग्ण ‘अंगावरून वारे गेले’ या एकाच नोंदीत सामावले जातात आणि त्यांचा धोका आकडेवारीत येत नाही.

(४) जोहेसारख्या कारागीर वस्तीत पूर्वलक्षणांची ओळख, मानेला हिसके देण्याच्या प्रथेविषयी जागृती आणि सी.टी. अँजिओग्राफीपर्यंत साडेचार तासांच्या आत पोहोचण्याची खात्री या तीन गोष्टी एकत्र साधल्या, तरच सुमारे शतकभराच्या प्रतिमाचित्रणाचा लाभ तेथील माणसाला मिळू शकेल. पेण व रोहा तालुक्यांतील पक्षाघाताच्या रुग्णांची मुंबईच्या धर्तीवर नोंदणी होणे ही त्या दिशेने पहिली आवश्यकता आहे आणि जिल्ह्यातील महाविद्यालये व वैद्यकीय संस्था यांनी ती एकत्रितपणे हाती घेणे उचित ठरेल.